वॉशर-ड्रायर घेण्याआधी एवढं बघा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. गॅलरीत टाकलेला सुती सदरा बघता बघता वाळतो. हिवाळ्यातही ऊन असतंच. म्हणजे वॉशर-ड्रायरची, एकाच मशीनमध्ये कपडे धुऊन सुकवण्याची, खरी गरज जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, आणि तीही घराला गॅलरी किंवा गच्ची नसेल तर जास्त.

दुकानात एक आकडा आवर्जून विचारा: सुकवण्याची क्षमता. धुण्याची ८ किलो असेल तर सुकवण्याची बहुधा ५ किलोच्या आसपासच असते. मशीन पूर्ण भरून धुतलं की सुकवण्याआधी बरेचसे कपडे बाहेर काढावे लागतात, नाहीतर सगळेच ओलसर, चुरगळलेले निघतात. शिवाय धुणं आणि सुकवणं मिळून सहज पाच-सहा तास जातात, आणि तोवर दुसरी खेप लावता येत नाही. पाच माणसांच्या घरात हे फार जाचतं. हीटरवालं मशीन वीजही बरीच खातं. अनेक मॉडेल्स तर सुकवतानाही पाणी वापरतात, म्हणून तुमच्या भागात नळ ठरावीक वेळीच येत असेल तर हेही विचारून घ्या.

घरात दोघंच आहात, उन्हाची जागा नाही, किंवा तान्ह्या बाळाचे कपडे रोज निघतात? मग जरूर घ्या. बाकीच्यांना माझं सांगणं, १४०० आरपीएमचं (पिळताना मिनिटाला १४०० फेरे घेणारं) साधं फ्रंट लोड मशीन आणि घडीचा स्टँड घ्या. एवढे पिळलेले कपडे पावसाळ्यातही पंख्याखाली रात्रभरात बहुतेक वाळतात. जीन्सला मात्र दुसरा दिवस लागतो.