‘दीक्षा चालत नाही हो!’ फुकटच्या ऑनलाइन अभ्यासात या चुका टाळा

नवं सत्र सुरू झालं की इंदूरच्या खजुरी बाजारात पुस्तकांसाठी झुंबड उडते आणि इकडे सुदामानगर, राजेंद्रनगरातल्या मराठी घरांत फोनवर शोधाशोध सुरू होते. फुकट साहित्याला तोटा नाही. एनसीईआरटीची पुस्तकं आहेत, 2017 पासून सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं ॲप आहे, खान अकॅडमीचे धडे आहेत. तरी ‘काहीच उघडत नाही’ ही तक्रार पालकांचीही आणि शिक्षकांचीही. बहुतेक वेळा साइट ठीकच असते. आपण भलत्याच बोर्डात, जुन्या आवृत्तीत नाहीतर दुसऱ्याच खात्यात शिरलेलो असतो.

बोर्ड आणि माध्यम न पाहता पुढे जाणं

दीक्षा ॲप पहिल्यांदा उघडताना बोर्ड, माध्यम आणि इयत्ता विचारतं. आपण घाईघाईत काहीतरी दाबून मोकळे होतो. मग मध्य प्रदेश बोर्डाच्या मुलाला सीबीएसईचे धडे दिसतात आणि ‘आमचा धडाच नाही’ म्हणून ॲप काढून टाकलं जातं. प्रोफाइलमध्ये जाऊन हे तिन्ही पर्याय बदलता येतात, दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्या मराठी घरांत आणखी एक गोची होते. आजी प्रेमाने बालभारतीचं गणित लावून देते, पण मूल हिंदी माध्यमात. धड्यांचा क्रम वेगळा, संज्ञा वेगळ्या. पोरगं दोन्हीकडून गोंधळतं. बालभारतीची पुस्तकं घरी मराठी वाचायला शिकवण्यासाठी उत्तम आहेत, त्यासाठी जरूर उतरवून घ्या. शाळेचं गणित मात्र शाळेच्याच पुस्तकातून.

जुनी पीडीएफ

व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी ‘सगळी पुस्तकं एकत्र’ ही फाइल बिनधास्त पुसून टाका. 2022-23 मध्ये एनसीईआरटीने बऱ्याच पुस्तकांतून भाग वगळले. त्यानंतर पुस्तकंच बदलू लागली: 2024 मध्ये तिसरी आणि सहावीची, 2025 मध्ये चौथी, पाचवी, सातवी आणि आठवीची. थोरल्या भावाची फाइल धाकटीला चालेलच असं नाही. एनसीईआरटीच्या साइटवरून पुस्तक घेताना सुरुवातीच्या पानांची वेगळी फाइल असते, तीही उतरवा. त्यात संस्करणाचं साल असतं. शाळेतल्या छापील पुस्तकाशी ते ताडून पाहिलं की शंका मिटते.

क्यूआर कोडशी झटापट

पुस्तकातला कोड पैसे भरायच्या ॲपने स्कॅन करून काही होणार नाही. दीक्षा ॲपमधलाच स्कॅनर वापरा. पान चुरगळलंय, छपाई फिकट आहे? कोडच्या खाली सहा अक्षरांचा-अंकांचा एक छोटा कोड छापलेला असतो. तो दीक्षाच्या शोधपट्टीत टाइप केला की तोच धडा उघडतो. हे ठाऊक नसल्याने वर्गात अख्खा तास वाया जातो.

हिंदी पीडीएफमधून मजकूर उचलणं

शिक्षकांचं सर्वांत मोठं दुखणं हे. प्रश्नपत्रिका बनवायला एनसीईआरटीच्या हिंदी पीडीएफमधला परिच्छेद कॉपी केला, वर्डमध्ये चिकटवला, की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी! फाइल खराब नसते. यातली बरीच पुस्तकं जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखीच दिसणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेली आहेत. पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र प्रत्येक खुणेमागे रोमन अक्षर बसलेलं असतं. नुसता फाँट बदलून हे निस्तरत बसू नका.

पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सने मजकूर उचला. पानं जास्त असतील तर कॉम्प्युटरवर गूगल ड्राइव्हमध्ये चढवून गूगल डॉक्सने उघडा, मजकूर युनिकोडमध्ये मिळतो. मग एकदा डोळ्यांखालून घाला. रफार गळतो, ‘ष’चा ‘प’ होतो, अनुस्वार उडतात. अपूर्णांक आणि सूत्रांच्या भानगडीत तर पडूच नका, त्यांचं चित्रच चिकटवा.

शिक्षकांचं प्रमाणपत्र अडकणं

निष्ठा हा शिक्षक-प्रशिक्षणाचा किंवा दुसरा कोर्स दीक्षावर पूर्ण केला, पण प्रगती अर्ध्यावरच. आधी हे आठवा: सुरुवात राज्याच्या आयडीने केली होती आणि नंतर गूगलने लॉगिन केलं का? दीक्षाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. खाती एकत्र करण्याची सोय प्रोफाइलमध्ये आहे, ती वापरा. कोर्सची बॅच संपण्याची तारीख सुरुवातीलाच पाहून ठेवा आणि नावाचं स्पेलिंग कोर्स संपायच्या आधीच दुरुस्त करा. स्वयम्‌ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर शिकणं फुकट असलं तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असतं, म्हणून ‘फसवलं’ म्हणू नये.

वर्गातल्या नेटवर विसंबणं

प्रयोग दाखवायला कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही पडद्यावरच्या प्रयोगांची साइट फार कामाची. मराठीतही बरेच प्रयोग आहेत. ऐन तासाला नेट जाणारच असं धरून चाला. घरूनच प्रयोगाची फाइल उतरवा, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ती नेटशिवाय चालते. जुन्या शिक्षकांनी जपून ठेवलेले फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारे प्रयोग मात्र आता उघडणार नाहीत. 2020 अखेर फ्लॅश बंद झालं, तेव्हा नवी आवृत्ती शोधा.

दीक्षावरून उतरवलेला व्हिडिओ फोनच्या गॅलरीत शोधू नका, तो ॲपच्या आतच राहतो. दुसऱ्या फोनवर द्यायचा तर ॲपमधल्या शेअरनेच पाठवा, आणि समोरच्याकडेही दीक्षा हवं.

एपीके (बाहेरून ॲप टाकायची) फाइल पाठवून ‘पूर्ण कोर्स फ्री’ म्हणणारे भेटतील. सरकारी साहित्यासाठी कुणी ओटीपी किंवा ‘नोंदणीचे नव्व्याण्णव रुपये’ मागत असेल तर तिथून उठा. ज्यांच्याकडे नेटच नाही त्यांच्यासाठी डीडी फ्री डिशवर पीएम ई-विद्याच्या इयत्तावार वाहिन्या आहेत. दिसत नसतील तर सेट-टॉप बॉक्स नव्याने ट्यून करा.