शिप की शीप? इंग्रजी स्वरांच्या या चुका टाळा

‘शिप’ म्हणजे जहाज, ‘शीप’ म्हणजे मेंढी, हे पाठ असतं. तरी बोलताना जहाजाची मेंढी होतेच. याचं मूळ मराठीत आहे. आपण मीठ, पीठ, तूप दीर्घ लिहितो आणि मिठात, पिठात, तुपात ऱ्हस्व. अर्थ मात्र बदलत नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करायची कानाला सवयच लागते. ‘ट्रीप’, ‘बील’, ‘क्लीप’ हे लेखनही मीठ-पिठाच्याच वळणाचं.

फक्त लांबी मोजू नका

सुधारायचं म्हणून अनेक जण ‘शीऽऽप’ असं ताणतात. पण इंग्रजीत स्वराची लांबी पुढच्या व्यंजनावरही ठरते. ‘ट’पुढे स्वर आखडतो, ‘ड’पुढे लांबतो. म्हणून ‘बीट’मधली ई आणि ‘बिड’मधली इ लांबीला जवळपास सारख्या भरू शकतात. खरा फरक जिभेचा आहे. ‘शीप’ म्हणताना जीभ पुढे आणि टाळूजवळ असते, ओठ हसल्यासारखे ताणलेले. ‘शिप’ला जीभ थोडी खाली, तोंडाच्या मध्याकडे सरकते आणि ओठ सैल असतात.

करून पाहा: ‘ई’ धरून ठेवा, ओठ सैल सोडा, जीभ किंचित ‘ए’कडे उतरवा. तिथे आवाज तोडला की ‘शिप’चा स्वर मिळतो. ‘पूल’ (तलाव) आणि ‘पुल’ (ओढणे) यांचंही तसंच: पहिल्याला ओठांचा घट्ट चंबू, दुसऱ्याला ढिला. ‘शीट’ आणि ‘बीच’मधली ई घसरली तर काय होतं, ते सांगायला नकोच.

देवनागरीवर विसंबू नका

‘टेस्ट’ म्हणजे चाचणी की चव? ‘वेट’ म्हणजे ओलं की थांबा? आपण दोन्ही सारखेच लिहितो आणि तसेच उच्चारतो. चव आणि थांबणं यांत स्वर सरकतो: ‘टेइस्ट’, ‘वेइट’. चाचणी आणि ओलं यांत तो आखूड आणि स्थिर राहतो. वहीत ‘एइ’ असंच लिहून ठेवा.

‘बेड’ आणि ‘बॅड’साठी हनुवटीखाली हात धरा. ‘बॅड’ला हनुवटी स्पष्ट खाली गेली पाहिजे. ‘ब्याड’ होत असेल तर तुम्ही आधी ‘य’ घालताय. ‘ब’वरून थेट जबडा उघडा.

‘कॉट’ (खाट) आणि ‘कॉट’ (पकडलं) यांत ब्रिटिश उच्चारात फरक आहे. अनेक अमेरिकन बोलींत तो उरलेलाच नाही. म्हणून एकच उच्चारपद्धती धरा, दोन्हींची खिचडी नको.

तरी जमत नसेल तर

आधी कान तपासा. आवाज असलेल्या ऑनलाइन शब्दकोशातून एका जोडीचे दोन शब्द कुणाला तरी उलटसुलट 20 वेळा लावायला सांगा आणि न बघता 1 की 2 लिहा. 18 बरोबर येईपर्यंत बोलण्याचा सराव पुढे ढकला, कारण जो फरक ऐकू येत नाही, तो तोंडात टिकत नाही. मग स्वतःचं रेकॉर्डिंग त्या आवाजाशेजारी लावून ऐका. फोनच्या व्हॉइस टायपिंगवर पूर्ण वाक्य तपासू नका. ते संदर्भावरून शब्द ओळखतं आणि तुमची मेंढी मुकाट्याने जहाज करून टाकतं.