इन्सुलिन घरी कसं घ्यायचं, हे पेशंटला शिकवताना

वॉर्डात इन्सुलिन सुरू झालेला पेशंट घरी जाताना फाईलमध्ये एक ओळ पडते: ‘इन्सुलिन टेक्निक एक्सप्लेन्ड.’ पंधरा दिवसांनी तोच पेशंट शुगर चारशे घेऊन परत येतो, किंवा घामाघूम होऊन कॅज्युअल्टीत. दोन्ही वेळा चौकशी केली की कळतं, सांगितलं सगळं होतं. पण सुई हातात घेऊन पेशंटने एकदाही करून दाखवलेलं नव्हतं.

हे लिखाण वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदरांसाठी आहे. उदाहरण इन्सुलिनचं घेतलंय, कारण चुकायला सर्वांत जास्त जागा तिथेच आहेत.

सर्वांत वाईट वेळ डिस्चार्जच्या दिवसाची. मुलगा बिलाच्या काउंटरवर, सून पिशव्या भरतेय, काकांचं लक्ष रिक्षाकडे. त्या वीस मिनिटांत सांगितलेलं डोक्यात राहत नाही. म्हणून शिकवणं पहिल्या डोसपासून सुरू करा. दिवसातून दोनदा इन्सुलिन आणि चार दिवस मुक्काम म्हणजे हाताशी आठ डोस आहेत. पहिले दोन तुम्ही द्या, पण बोलत बोलत: आता बाटली चोळतेय, आता हवा भरतेय, आता वीसच्या रेषेपर्यंत ओढलं. पुढचे दोन-तीन दोघांनी मिळून, भरायचं पेशंटने आणि टोचायचं तुम्ही. उरलेले त्यांनी, आणि तुम्ही हात मागे बांधून उभं राहायचं. हात मागे बांधणंच अवघड जातं. राउंडची घाई असते, आणि थरथरणाऱ्या बोटांतून सिरिंज काढून घेण्याचा मोह होतो.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली नजर. सिरिंज हातात द्या आणि विचारा, ‘काका, वीसचा आकडा कुठाय? आणि सोळाची रेष?’ चष्मा घरी राहिला असेल तर तिथेच कळतं. मोतीबिंदू किंवा डायबेटिसमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा असेल तर बारीक रेषा दिसतच नाहीत, आणि हे पेशंट स्वतःहून सांगत नाहीत. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाला शिकवायचं, नाहीतर डॉक्टरांशी बोलून पेनचा विचार करायचा. पेन फिरवताना प्रत्येक युनिटला ‘टक्’ आवाज येतो, तो मोजता येतो. दुसरी गोष्ट, घरी खरोखर कोण देणार? वॉर्डात मुलगी शिकते आणि ती सासरी निघून जाते, असं हमखास होतं. जे हात रोज सकाळी सुई धरणार आहेत, तेच हात शिकले पाहिजेत.

भीतीही आधीच बाहेर काढा. ‘इन्सुलिन म्हणजे शेवटचा टप्पा’, ‘एकदा लागलं की सुटत नाही’ ही वाक्यं मनात असतील तर पेशंट मान डोलावतो आणि घरी गेल्यावर बाटली फ्रीजमध्ये पडून राहते. ‘शेजारच्यांनी काय सांगितलं तुम्हाला इन्सुलिनबद्दल?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं. शेजाऱ्यांच्या नावावर बोलायला लोक लाजत नाहीत.

आता मुख्य भाग, बाटली आणि सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली दोन ताकदींची मिळते: एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट, आणि एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही त्याच हिशेबाने दोन. लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. पेशंट युनिटला ‘पॉइंट’ म्हणतात, म्हणू द्या. पण १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने ‘वीस पॉइंट’ भरले तर अर्धा मिली जातो, म्हणजे पन्नास युनिट. अडीचपट. उलट केलं, ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज, तर वीसच्या जागी फक्त आठ जातात. एकात पेशंट बेशुद्ध, दुसऱ्यात शुगर खाली येत नाही म्हणून डोस वाढत राहतो. म्हणून पेशंटच्या हातात बाटली देऊन त्यावरचा ४० हा आकडा बोटाने दाखवून घ्या आणि लाल टोपण त्याशेजारी ठेवा. मेडिकलवाल्याने दुसरं काही दिलं तर ‘घ्यायचं नाही, आधी आम्हाला फोन’ हे सांगून टाका. रिकामी बाटली आणि लाल टोपण सोबत दुकानात न्यायची सवय लावली तर आणखी बरं.

भरण्याचा क्रम असा. हात साबणाने धुवायचे. दुधासारखं दिसणारं इन्सुलिन (३०/७० हे मिश्र इन्सुलिन त्यातलंच) तळहातांत दहा वेळा चोळायचं आणि दहा वेळा हळूच उलटं-सुलटं करायचं. औषधाच्या बाटलीसारखं खळखळ हलवायचं नाही, फेस येतो आणि डोस चुकतो. चोळलंच नाही तर तळाशी बसलेला पांढरा भाग मिसळत नाही, त्यामुळे एके दिवशी पातळ जातं, दुसऱ्या दिवशी दाट, आणि मग ‘शुगर का वरखाली होतेय’ याचं उत्तर कोणालाच सापडत नाही. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन चोळावं लागत नाही, उलट ते गढूळ दिसलं तर फेकायचं.

मग जितके युनिट घ्यायचे तितकी हवा सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडायची. ही पायरी सगळे गाळतात. हवा सोडली नाही की आत पोकळी तयार होते, दट्ट्या ओढायला जड जातो आणि बुडबुडे येतात. बाटली उलटी धरून, सुईचं टोक औषधात बुडवून, डोसच्या दोन-तीन युनिट पुढे ओढायचं, टिचकी मारून बुडबुडे वर आणायचे आणि बरोबर रेषेवर ढकलायचं. बुडबुडा अंगात गेला तर जीव जातो, असा लोकांचा समज असतो. कातडीखाली तसं काही होत नाही, बुडबुड्याच्या जागी औषध कमी जातं एवढंच. हे समजावलं की पेशंट घाबरत नाही आणि बुडबुडा काढायलाही विसरत नाही.

टोचायचं पोटावर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा कुल्ल्यावर. बेंबीभोवती दोन बोटं जागा सोडायची. सिरिंजच्या सुईसाठी कातडीची चिमटी धरायची, अंगठा आणि पहिलं बोट एवढ्यानेच. अख्ख्या मुठीत पकडलं तर स्नायूही वर येतो, आणि स्नायूत गेलेलं इन्सुलिन लवकर शोषलं जातं. पेनची चार मिलिमीटरची सुई असेल तर मोठ्या माणसांत बहुधा सरळ, चिमटीशिवाय चालतं. औषध गेल्यावर दहापर्यंत मोजायचं, मग सुई काढायची. चोळायचं नाही. स्पिरिट लावलंच असेल तर ते वाळू द्यायचं, ओल्यावर टोचलं की झोंबतं. रोज आंघोळ आणि धुतलेले हात असतील तर घरी स्पिरिटवाचून अडत नाही.

पेनमध्ये आणखी दोन फसगती आहेत. सुईला दोन टोपणं असतात, बाहेरचं मोठं आणि आतलं बारीक. आतलं टोपण न काढताच दाबणारे पेशंट आहेत. सुई टोचलीच जात नाही आणि औषध टोपणात जमा होतं. त्यांना वाटतं, दुखत नाही म्हणजे छानच झालं. आणि प्रत्येक वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब दिसला पाहिजे, मगच डोस फिरवायचा. वापरलेली सुई पेनलाच लावून ठेवली की हवा आत जाते, औषध गळतं. पेन एकाच माणसाचं. नवरा-बायको दोघांनाही डायबेटिस असला आणि सुई बदलली, तरी पेन वाटून घ्यायचं नाही.

सरावाबद्दल एक इशारा. मोसंबीवर किंवा स्पंजवर सलाईनने सराव करून घेणं उत्तम, पण रिकाम्या इन्सुलिनच्या बाटलीत पाणी भरून सराव दिला तर ती बाटली डोळ्यांदेखत फेका. ती पिशवीतून घरी गेली तर काय होईल ते सांगायला नको.

जागा बदलण्याचं शिकवताना ‘रोज जागा बदला’ एवढं पुरत नाही. कागदावर पोटाचा गोल काढा, चार भाग करा, आठवड्याला एक भाग द्या, आणि त्या भागात दोन टोचण्यांमध्ये एक बोटाचं अंतर. मग पेशंटचाच हात त्याच्या पोटावर फिरवा. जुना पेशंट असेल तर मऊ किंवा टणक उंचवटे लागतील. तिथे टोचलं की दुखत नाही म्हणून लोक मुद्दाम तिथेच टोचतात, आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला सांगाल तेव्हा डॉक्टरांना कळवा. तोच डोस आता पूर्ण लागू पडतो आणि शुगर धाडकन खाली येऊ शकते.

लो शुगर हा विषय नातेवाइकांना घेऊनच शिकवा, कारण प्रसंग आला तेव्हा पेशंटचं डोकं चालत नसतं. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, कारण नसताना चिडचिड, असंबद्ध बोलणं. रात्री झोपेत झालं तर सकाळी कपडे ओले आणि डोकं जड. काही बीपीच्या गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो, म्हणून घामावर भर द्या. शुगर ७० च्या खाली, किंवा मशीन नसेल आणि लक्षणं असतील, तर वाट बघायची नाही: चहाचे तीन भरलेले चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा ग्लास पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, नाही वाढली तर पुन्हा तेवढंच. बरं वाटल्यावर पोळी, भात, जे असेल ते खायचं. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर घरची साखर वेळेवर उपयोगी पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. ही गोष्ट औषधांच्या यादीवर तुम्हीच गोल करून द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

शिकवून झालं की ‘समजलं का?’ हे विचारू नका. ‘हो सिस्टर’ याशिवाय दुसरं उत्तर कधी येतच नाही. त्याऐवजी म्हणा, ‘मावशी, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. आज संध्याकाळी साडेसातला घरी काय काय कराल, मला सांगा.’ चूक झाली तर ती तुमच्या सांगण्याची, असा सूर ठेवला की पेशंट मोकळेपणी चुकतो. पुढचे प्रश्न अडचणीचे विचारा. ‘इन्सुलिन घेतलं आणि जेवायला बसणार तेवढ्यात पाहुणे आले, तर?’ ‘ताप आलाय, जेवण जात नाही, तर?’ शेवटच्या प्रश्नाला जवळजवळ सगळे ‘इन्सुलिन बंद’ म्हणतात. आजारपणात शुगर उलट वाढते, म्हणून परस्पर बंद करायचं नाही, फोन करून डोस विचारायचा.

उपवासाचंही असंच. ‘उपवास करू नका’ म्हटलं की पेशंट तुमच्यापुरता हो म्हणतो आणि संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहून सकाळचं इन्सुलिन घेतो. आधी विचारा: संकष्टी, एकादशी, नवरात्र, नक्की काय काय करता? त्या दिवसांचा डोस डॉक्टरांकडून डिस्चार्जच्या आधीच लिहून घ्या. साबुदाण्याची खिचडी ‘हलकी’ नसते हेही त्याच वेळी.

ठेवण्याबद्दल: न उघडलेली बाटली फ्रीजच्या दारात, फ्रीजरमध्ये कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नाही. फ्रीज नसेल तर मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटली. विदर्भातल्या मे महिन्यात तर हे बजावूनच सांगा. उघडल्याची तारीख पेशंटच्याच हाताने लेबलवर लिहून घ्या. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर २८ दिवस चालतं. हिशेबही करून द्या. ४० ची दहा मिलीची बाटली म्हणजे ४०० युनिट. सकाळी २० आणि संध्याकाळी १२ असतील तर बारा दिवसांत संपते, दहाव्या दिवशी नवी आणायची. रोजचे दहाच असतील तर औषध चाळीस दिवस पुरेल, पण २८ नंतर उरलेलं टाकायचं. हे टाकणं लोकांच्या जिवावर येतं.

सुई एकदाच वापरायची. खर्चापायी बरेच जण पुन्हा वापरतात हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ‘किती वेळा वापरता?’ असं न रागावता विचारा, म्हणजे खरं उत्तर मिळेल आणि गाठींचं कारणही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, बूच घट्ट लावून. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या बोटात त्या जायला नकोत.

नोंद करताना ‘माहिती दिली’ असं लिहू नका. ‘पेशंटने स्वतः २० युनिट भरले, बुडबुडा राहिला, पुन्हा दाखवलं, दुसऱ्या वेळी बरोबर. सून हजर, लो शुगरचे उपाय तिने सांगितले’ अशी नोंद पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला कुठून सुरू करायचं ते सांगते, आणि एनएबीएचच्या (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीतही तीच टिकते.

घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी एक फोन. ‘इन्सुलिन घेताय ना?’ हा प्रश्न वाया जातो. ‘काल संध्याकाळी पोटाच्या कुठल्या बाजूला टोचलं?’ असं विचारा. उत्तर लगेच आलं तर ठीक. पलीकडे थोडा वेळ शांतता झाली, तर पुढच्या ओपीडीला सिरिंज आणि बाटली घेऊनच बोलवा.