मुलांसाठी चित्रकलेचा उपक्रम चालवताय? या चुका टाळा

वाचनालय, तरुण मंडळ, गावातले एखादे निवृत्त कलाशिक्षक, शहरातून येणारे चित्रकार... मुलांसाठी चित्रकलेचा उपक्रम कोणीही सुरू करतं आणि सुरुवातीला उत्साहही दांडगा असतो. पाहुणे परत गेले की मात्र रंगांच्या बाटल्या कपाटात जातात आणि चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. सातारा-सांगलीकडे असं होताना पाहिलं की फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा पैसा कमी पडलेला नसतो. वर्गशिक्षकाला बाजूला ठेवलेलं असतं.

गुरुजींना कोपऱ्यात बसवणं

शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील, तर कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, हवा. माण, खटाव, आटपाडी, जतच्या वाड्यावस्त्यांवरच्या दोनशिक्षकी शाळा या अटीत बसतच नाहीत. तिथे गणित शिकवणारे गुरुजीच चित्रकलाही शिकवणार. आणि उपक्रमवाले येतात ते थेट मुलांचा ताबा घेतात! गुरुजी मागे बसून ऑनलाइन माहिती भरत राहतात.

मुलांच्या आधी शिक्षकांच्या हातात ब्रश द्या. भाषण नको, अर्धा दिवस नुसतं काम. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच रंग ठेवा आणि सांगा, खिडकीतून दिसणाऱ्या उसाच्या फडात जेवढे हिरवे दिसतात तेवढे तयार करा. कित्येक बाईंनी आणि गुरुजींनी डी.एड.नंतर ब्रश धरलेला नसतो. 'मला चित्र काढता येत नाही' हे वाक्य मुलांच्या आधी त्यांच्याच तोंडी येतं. ज्यानं स्वतः एकदा रंगाचा चिखल करून पाहिलाय, तो पुढे मुलाच्या चिखलावर ओरडत नाही.

नंतरचा क्रम असा ठेवा: पहिला तास कलाकारानं घ्यावा, पुढचे दोघांनी मिळून, आणि नंतर शिक्षकानं घ्यावा, कलाकारानं मागे बसावं. हे मागे बसणं कलाकारांना जड जातं, पण उपक्रम टिकतो तो त्यामुळेच.

फळ्यावर चित्र काढून 'आता हे काढा' म्हणणं

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणारं पोरही हेच काढतं, कारण फळ्यावर हेच असतं.

साधारण चार ते नऊ वर्षांचं मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. म्हणून भिंतीतून घरातली आजी दिसते, डोकं धडापेक्षा मोठं होतं, सगळी माणसं एकाच रेघेवर उभी राहतात. या चुका नाहीत, त्या दुरुस्त करायच्या नाहीत. खरी अडचण नऊ-दहाव्या वर्षाच्या आसपास येते. मुलाला 'खऱ्यासारखं' हवं असतं, हात तयार नसतो, आणि ते चित्र काढणंच सोडून देतं.

पाचवीतली मुलगी कागद पुढे करते, "बाई, हात नाय जमत, तुम्हीच काढून द्या की." बाई प्रेमापोटी काढून देतात, आणि त्या क्षणी ते चित्र तिचं राहत नाही. तिच्या कागदाला हात लावू नका. तिला उभी करा, "घागर उचलल्यासारखं कर. कोपर कुठं आलं? हात कंबरेच्या खाली किती जातो?" तिला स्वतःच्या अंगावर मोजू द्या. तरीही अडलीच तर तुमच्या वेगळ्या कागदावर काढून दाखवा आणि तो कागद बाजूला ठेवून द्या. वेळ जास्त लागतो, चित्र कमी सुबक होतं, पण पुढच्या वेळी ती हात काढून मागत नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षांबद्दलही थोडं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव मोठ्या मुलांना उपयोगाचाच आहे आणि इंटरमीजिएटचे गुण दहावीला मिळतात, त्यामुळे पालकांचा आग्रहही समजतो. तिसरीच्या मुलांना त्याच साच्यात बसवू नका, एवढंच.

साहित्याच्या तक्रारी

'सगळं चित्र तपकिरी होतं.' लाल, पिवळा, निळा तिन्ही एकत्र आले की तसंच होणार. एका वेळी दोनच रंग मिसळायला सांगा. ब्रश धुवायला एक डबा, स्वच्छ पाण्याचा दुसरा, शेजारी सुती फडकं. बारा-चोवीस रंगांच्या छोट्या पेट्यांपेक्षा मोजक्या रंगांच्या मोठ्या बाटल्या परवडतात.

'कागद फुगतो.' वहीचा कागद ओल्या रंगासाठी नाहीच. जाड ड्रॉइंग पेपर घ्या, नाहीतर किराणा दुकानातल्या खोक्यांचा पुठ्ठा. पोस्टर कलरचे पापुद्रे सुटत असतील तर थर जाड बसतोय. रंग सायीइतपत दाट असावा, त्याहून घट्ट नको.

मातीचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे आषाढात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, येतो, मातीचे बैल घरोघरी होतात, म्हणजे मुलांना विषय समजावूनही सांगावा लागत नाही. तक्रार ठरलेली असते: दुसऱ्या दिवशी पाय गळून पडतात, पाठीला भेगा जातात. एक कारण मातीचं. शेतातली काळी माती पाण्यानं फुगते आणि सुकताना तेवढीच आकसते, म्हणून तडकते. तिच्यात चाळलेली बारीक वाळू आणि भिजवून कुटलेला रद्दी कागद मिसळा, नाहीतर नदीकाठचा पोयटा किंवा शाडू वापरा. गावात कुंभार असतील तर माती कशी मळायची हे त्यांच्याकडूनच शिका. त्यांना मानानं वर्गात बोलवा. दुसरं कारण जोडाचं. पाय नुसता दाबून चिकटवला की सुकल्यावर सुटणारच. दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढायचे, पातळ चिखल लावायचा, मग दाबून सांधा बोटानं लिंपायचा. लहानांना याहून सोपं: एकाच गोळ्यातून चारही पाय ओढून काढायचे, जोडायचं काहीच नाही. आणि बैल उन्हात ठेवायचे नाहीत. ओलसर फडकं झाकून सावलीत सावकाश सुकू द्या.

औंधची धावती सहल

औंधचं श्री भवानी संग्रहालय आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे, हे केवढं भाग्य! भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावर त्यांनी हे संग्रहालय १९३८ साली उघडलं. राजा रविवर्मा यांची चित्रं तिथे आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं माता-बालकाचं शिल्प आहे. मुलांना मात्र रांगेनं सगळ्या दालनांतून फिरवतात, वहीत नावं उतरवून घेतात आणि जेवायला डोंगराखाली आणतात.

तीनच कलाकृती निवडा. शिक्षकानं आधी एकदा जाऊन त्या पाहून ठेवाव्यात. प्रत्येकीपुढे दहा-पंधरा मिनिटं बसवा. चित्रात उजेड कुठून येतोय? हिच्या हातात काय आहे? या दगडातल्या आईला नाक-डोळे स्पष्ट नाहीत, तरी ती आई आहे हे कशावरून? मुलं बोलेपर्यंत थांबा. नावं आणि सनावळ्या नंतर सांगितल्या तरी चालतात.

बक्षिसं आणि वेळापत्रक

पहिला-दुसरा-तिसरा नंबर काढू नका. देवळाच्या सभामंडपात दोऱ्या बांधून प्रत्येकाचं चित्र नावासकट लावा. आईवडील आपल्या पोराचं चित्र शोधत येतात आणि बाकीचीही बघतात.

वेळापत्रक शहरातल्या सुट्ट्यांवर आखणं ही मोठी चूक आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडून ऊसतोड कुटुंबं कारखान्यांभोवती कोप्या घालून राहतात. जूनमध्ये केलेल्या यादीत त्यांची मुलं नसतात, म्हणून त्यांच्या वाट्याचं साहित्यही येत नाही. ते आधीच जास्तीचं घेऊन ठेवा. या मुलांना लांबलचक प्रकल्प देऊ नका, एका बैठकीत पुरं होईल असं काम द्या. आणि त्यांची चित्रं वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी अडवून ठेवू नका. कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आत ती त्यांच्या हातात द्या, प्रवासात मुडपू नयेत म्हणून पुठ्ठ्यात बांधून.