गल्लीतल्या जुन्या कार्यकर्त्याचं काम लिहून काढायचंय? असं करा

सोलापूर म्हटलं की स्वातंत्र्यलढ्यातला मार्शल लॉ आणि चार हुतात्मे, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण झेडपीच्या पूनम गेटसमोर, जिथं मोर्चे आणि धरणी होतात तिथं, उन्हात बसून बसून जिचं आयुष्य गेलं त्या बाईबद्दल शोधायला जा, चार ओळी मिळणार नाहीत. गेल्या वर्षी मी आमच्या गल्लीतल्या एका अक्कांचं काम लिहून काढलं. विडी कामगार, वय अठ्ठ्याहत्तर, नाव टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हटलंय. करताना बऱ्याच चुका केल्या, त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक म्हणजे मी जाऊन बसलो आणि म्हटलं, अक्का तुमचा जीवनप्रवास सांगा. झालं, त्यांनी स्टेजवरचं भाषण सुरू केलं, कामगार एकजुटीचा विजय असो वगैरे, वीस मिनिटं, त्यातलं काहीच कामाचं नाही. दुसऱ्या दिवशी साधं विचारलं, दिवसाला किती विड्या व्हायच्या? तर बाई उठल्या, पलंगाखालून सूप काढलं, मांडीवर घेतलं, पानावर पत्रा ठेवून कात्री कशी फिरवायची ते हातानंच दाखवायला लागल्या, पान नाही तंबाखू नाही, नुसती बोटं चालतायत. आणि मग आलं सगळं. कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत, आणि विड्यापण परत नाहीत. अक्का त्याला म्हणाल्या, खराब आहेत ना, मग माझ्यासमोर मोड. युनियन, मोर्चा, अटक, सगळं त्या एका वाक्यानंतरचं. त्यामुळं प्रश्न कामाचे विचारा, रेशनचे विचारा, नळाला पाणी किती वाजता यायचं ते विचारा, चळवळ आपोआप मागनं येते.

राग आला की अक्का तेलुगूत जायच्या. मला अर्धं कळायचं नाही पण मध्येच थांबवून मराठीत सांगा म्हणायचं नाही, एकदा थांबवलं तर धारच गेली. रेकॉर्ड होऊ द्या, नंतर शेजारच्या कुणाकडनं तरी अर्थ लावून घ्या, आपल्याकडं सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू येणारा माणूस शोधावा लागत नाही.

सनावळीच्या मागे लागू नका. कुठल्या साली असं विचारलं की माणूस घाबरतो नाहीतर ठोकून देतो. त्यापेक्षा खुणा वापरा, 72 च्या दुष्काळाआधी का नंतर, आणीबाणी चालू होती का (जून 75 ते मार्च 77), किल्लारीच्या भूकंपाला पोरगं केवढं होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आपलं घर हललेलं कुणी विसरलेलं नाही इथं. महिना पाहिजे असेल तर गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी का नंतर एवढं विचारलं तरी पुरतं. मग तो काळ धरून लायब्ररीत जुने पेपर चाळा. अक्कांनी एकच लाठीमार दोनदा सांगितला होता, वेगवेगळ्या वर्षी, पेपरात बघितल्यावर कळलं की खरंच दोनदा झाला होता, मीच त्यांना चुकीचं समजत होतो.

कागदांसाठी ट्रंक उघडायला लावा. विडी कामगारांचा जुना कायदा 1966 चा, आणि त्यातली लॉगबुक, म्हणजे कामाची नोंदवही, ही फार मोठी गोष्ट, कारण घरी बसून काम करणारी बाई कामगार आहे याचा पुरावाच तो, त्याच्यावर पीएफ. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरकुलांच्या चाव्या 2006 ला मिळाल्या हे सगळ्यांना माहितीये, पण त्याआधी गल्लीगल्लीत पैसे कोण गोळा करत होतं, वहीत कोण लिहीत होतं, ज्यांचा हप्ता चुकला त्यांच्या दारात कोण जाऊन बसलं, ते विचारा. निवडणुकीचंपण विचारा, विशेषतः हरलेल्या. डिपॉझिट गेलेली माणसं फार खरं बोलतात.

कागद लॅमिनेट अजिबात करू नका, चिकटपट्टी लावू नका, गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, फोटोच्या मागे पेन्सिलनं लिहा. मोबाईलनं फोटो काढताना फ्लॅश बंद, दारातल्या उजेडात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं फुटतात. रेकॉर्डिंगला मोबाईल घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा बंद, फ्लाइट मोड, आणि शेजारी लूम (यंत्रमाग) असेल तर तो बंद असतानाच जा. आणि जागा शिल्लक आहे का बघा आधी!! माझा एक अख्खा तास गेला, मोबाईल भरला होता आणि मी मान हलवत बसलो होतो. अक्कांना परत सांगा म्हणालो, त्यांनी सांगितलं, पण पहिल्यासारखं नाही.

सरकारी कागद पाहिजे असेल, म्हणजे वस्तीचा नळ किंवा झोपडपट्टीचा जुना ठराव, तर महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला तीस दिवस. सगळी फाइल द्या असं लिहिलं तर काही मिळत नाही, ठरावाचा साधारण काळ आणि विषय नेमका लिहा.

एक नाजूक गोष्ट. जुन्या केसेस, कुणी फितुरी केली, कुणाच्या नवऱ्यानं मारलं, हे सगळं बोलण्यात येतं आणि ती माणसं किंवा त्यांची पोरं अजून त्याच गल्लीत राहतात. बाहेर द्यायच्या प्रतीत नावं काढा, मूळ रेकॉर्डिंग वेगळं ठेवा आणि ते कुणाला ऐकवायचं ते त्यांनाच ठरवू द्या, तसं दोन ओळीत लिहून सही घ्या.

शेवटी मोठ्या अक्षरात प्रिंट काढा आणि पूर्ण वाचून दाखवा, नुसतं हातात देऊन येऊ नका. अक्कांनी त्या तपासणाऱ्याला थोबाडीत मारल्याचा भाग मी भीतभीत वाचला, वाटलं काढ म्हणतील. अक्का म्हणाल्या, एक नाही रे, दोन मारल्या होत्या, नीट लिही. तर जाताना पेन घेऊन जा.