डेस्कटॉपसाठी मोफत फीड रीडर निवडताय? या चुका टाळा

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, “कॉम्प्युटरवर बातम्या आणि ब्लॉग वाचायला चांगला मोफत फीड रीडर सांगा ना.” मी सांगतो. (फीड म्हणजे साइटने आपल्या ताज्या लेखांची ठेवलेली फाइल; फीड रीडर अशा अनेक साइट्सचे लेख एका जागी आणून दाखवतो.) पंधरा दिवसांनी तीच व्यक्ती म्हणते, “तो चालत नाही, दुसरा सांगा.” जाऊन बघावं तर रीडर ठणठणीत असतो. निवडताना दहा मिनिटं वाचवलेली असतात, त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

यादी बाहेर काढता येते का, हे न बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. लोक दिसणं बघतात, डार्क थीम बघतात, बटणं किती छान आहेत ते बघतात. आपण जमवलेली फीडची यादी त्यातून बाहेर काढता येते का, हे कुणी बघत नाही.

आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. सहा वर्षं खपून त्यांनी २४० फीड जमवले होते, बहुतेक मराठी ब्लॉग. त्यातले कितीतरी लेखक वर्षातून एकदा-दोनदाच लिहिणारे. फीड रीडर खरा उपयोगी पडतो तो इथे, कारण अशा ब्लॉगवर रोज जाऊन कोण बघणार? एक दिवस त्यांची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. दुरुस्तीवाल्याने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो नीट उतरवून घेतले आणि नवी डिस्क बसवली. रीडरचा डेटा मात्र विंडोजच्या लपवलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये होता. तो कुणाच्या लक्षातच आला नाही.

दोन रविवार मी त्यांच्याशेजारी बसून होतो. जुनी वही, मैत्रिणींना पाठवलेल्या लिंक, एका ब्लॉगच्या कडेला दिलेली दुसऱ्या ब्लॉगांची नावं, असं करत दीडशेच्या आसपास फीड परत मिळाले. उरलेल्यांची नावंच त्यांना आठवेनात. यादीत होते म्हणून लक्षात ठेवायची गरज कधी पडली नव्हती. त्या म्हणाल्या, “एक बाई कोकणातल्या झाडांवर लिहायच्या, फार सुंदर. नाव काय हो त्यांचं?” मला काय सांगता येणार?

यावर उपाय आहे ओपीएमएल नावाची फाइल. साधी मजकुराची फाइल असते, प्रत्येक फीडचं नाव आणि पत्ता एकेका ओळीत. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते आणि शेकडो फीड असले तरी इतकी लहान असते की मेलने सहज जाते. थंडरबर्ड (हा मुळात मेलचा प्रोग्रॅम), आरएसएस गार्ड, लिफेरिया, अ‍ॅक्रेगेटर, नेटन्यूजवायर या सगळ्या मोफत रीडरना ती काढताही येते आणि आत घेताही येते. मी नवा रीडर टाकला की आधी फक्त दोन फीड भरतो, लगेच एक्सपोर्ट करतो आणि ती फाइल उघडून दोन्ही पत्ते दिसतात का ते बघतो. दिसले नाहीत तर तो रीडर काढून टाकतो, मग तो कितीही देखणा असो. पुढे दर महिन्याच्या एक तारखेला एक्सपोर्ट, फाइलच्या नावात तारीख, आणि स्वतःलाच मेल.

गूगल रीडर, म्हणजे गूगलचा ऑनलाइन फीड रीडर, १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हाही हेच दिसलं. विंडोजवरचा फीडडीमन हा नावाजलेला रीडर सिंकसाठी, म्हणजे वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरची यादी सारखी ठेवायला, त्याच्यावर अवलंबून होता. फीडडीमनच्या निर्मात्यानेही त्याच वर्षी काम थांबवलं. ज्यांच्या हाती ओपीएमएल होती, त्यांना दुसरीकडे जायला एक संध्याकाळ पुरली.

दर पाच मिनिटांनी रिफ्रेश

कृपा करून हे करू नका. तालुक्याच्या गावी एका साप्ताहिकाच्या कचेरीत मी तीन कॉम्प्युटरवर रीडर बसवून दिला होता. महिन्याभरात फोन आला, “निम्मे फीड लाल झालेत, प्रोग्रॅम बेकार आहे.” लाल खूण म्हणजे तो फीड येत नाहीये. मी पोचेपर्यंत त्यांनी दोन रीडर बदललेही होते, आणि लाल खुणा तशाच होत्या. सेटिंग उघडलं. १८० फीड, प्रत्येकाला पाच मिनिटं. म्हणजे एका कॉम्प्युटरवरून तासाला २,१६० वेळा विचारणा, तिन्ही मिळून ६,४८०, आणि सगळी एकाच इंटरनेट जोडणीवरून. काही साइट्स ४२९ देत होत्या, म्हणजे “फार वेळा विचारताय.” काहींनी सरळ ४०३ देऊन दार लावलं होतं. दार त्या जोडणीला लावलेलं, त्यामुळे प्रोग्रॅम बदलून काय होणार?

चांगला रीडर साइटला आधी विचारतो, “मागच्या वेळेनंतर काही बदललं का?” बदललं नसेल तर साइट ३०४ एवढाच निरोप देते आणि आख्खी फाइल पाठवावी लागत नाही. पण कुणी मोफत, न मागता फीड देतंय, त्याच्या सर्व्हरला तरी किती वेळा उठवायचं? मी बातम्यांना एक तास ठेवतो, ब्लॉगना दिवसातून एकदा. बहुतेक चांगल्या रीडरमध्ये फीडनिहाय वेळ लावता येते. त्या कचेरीत एवढाच बदल केला, आठवड्यात बहुतेक लाल खुणा आपोआप गेल्या.

बाकीच्या

साइटचा मुख्य पत्ता चिकटवायचा आणि “फीड सापडत नाही” म्हणून सोडून द्यायचं, हे फार होतं. साइट वर्डप्रेसवर बांधलेली असेल तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून बघा. ब्लॉगरवर ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डिफॉल्ट’ हे तीन शब्द स्लॅशने जोडा. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये, ६४व्या आवृत्तीत, फीडची सोय काढली. तेव्हापासून अनेकांचा समज झालाय की फीडच बंद झाले. ते चालू आहेत.

पहिल्याच दिवशी दुसऱ्याची तीनशे फीडची यादी आत ओतू नका. हजारो न वाचलेले लेख बघून माणूस आठवड्यात रीडर उघडणं बंद करतो. दहापासून सुरुवात करा.

चार जीबी रॅम असेल तर फ्लुएंट रीडरसारखे इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर बांधलेले रीडर टाळा. ते आपल्याबरोबर एक आख्खा ब्राउझर घेऊन येतात.

क्वाइटआरएसएस अजून चालतो आणि मला आवडायचाही, पण २०२० नंतर त्याची नवी आवृत्ती नाही. नवख्याला मी तो सुचवत नाही.

कुठल्याही डाउनलोड साइटवरून उतरवू नका. निर्मात्याच्या पानावरूनच घ्या.

मराठी अक्षरं तुटकी किंवा फार बारीक दिसली तर रीडरच्या सेटिंगमध्ये फॉन्ट निर्मला यूआय करा आणि आकार दोन अंकांनी वाढवा. यासाठी प्रोग्रॅम बदलू नका.

लेख अर्धवट दिसतो तो बहुतेक वेळा साइटच तेवढा देते म्हणून. त्यात रीडरचा दोष नाही.

मला विचाराल तर नवख्याने थंडरबर्ड घ्यावा, त्यात फीडचं वेगळं खातं उघडता येतं आणि तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. गाळण्या लावायची आवड असेल तर आरएसएस गार्ड. मॅकवर नेटन्यूजवायर, दुसरं बघूच नका.

आणि लाल झालेला फीड लगेच उडवू नका. ब्राउझरमध्ये साइट उघडून पत्ता बदललाय का ते बघा. साइट आहे पण हालचाल नाही, असं असेल तर त्याला वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून दिवसातून एकदाची वेळ लावा. शिक्षिकाबाईंच्या रीडरमध्ये मी तो फोल्डर करून दिलाय, ‘शांत’ नावाचा. गेल्या दिवाळीत त्यातल्या एका ब्लॉगवर चार वर्षांनी नवा लेख आला. सकाळी सात वाजता त्यांचा मला फोन होता.