कोकोच्या बागेतलं तण: या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की माड-पोफळीत कोको लावलेल्या लोकांचे फोन येतात. "तणावर काय मारू?" मी विचारतो, कोणतं तण? उत्तर येतं, "गवतच हो." चूक इथूनच सुरू होते. रानमोडी, केना, लव्हाळा, लाजाळू, प्रत्येकाची खोड वेगळी.

भर पावसात सगळीकडे ग्रास कटर फिरवणं. आमच्या भावकीतल्या एका मुलाने पोफळीत कोकोची दोनशे रोपं लावली. दुसऱ्या वर्षी जुलैत अख्खी बाग कटरने दोन दिवसांत साफ केली. तीन आठवड्यांनी मी गेलो तर ओळींमध्ये पाय ठेवायला जागा नाही, सगळा केना. केन्याला पेरापेरावर मुळं फुटतात. कटरने तुकडे केले, पावसाने ते रुजवले. त्यात हा जमिनीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो. खाली वाकून पाहिलं तर चाळीसेक रोपांची बुंध्यालगतची साल कटरच्या फिरत्या नायलॉन दोरीने गोल सोलली गेली होती. पानं तेव्हा हिरवीच होती. दिवाळीपर्यंत एकेक करून ती रोपं वाळली. बेणणीची, म्हणजे हाताने तण काढायची, चार दिवसांची मजुरी वाचवायला गेला आणि दोन वर्षांची वाढ घालवून बसला. अजून आठवलं की जीव हळहळतो.

मी बुंध्याभोवती दोन हात जागा खुरप्यानेच बेणतो. केना मुळासकट उपटून कातळावर नेऊन टाकतो, बागेत एक कांडं ठेवत नाही. कटर फक्त ओळींच्या मध्ये, तोही केना नसेल तिथे.

दरवर्षी तेच तणनाशक. ग्लायफोसेट या तणनाशकाला केना फारसा दाद देत नाही. बाकीची तणं मरतात आणि त्याला मोकळं रान मिळतं. कोकोच्या कोवळ्या हिरव्या खोडावर फवारा उडाला तर रोप खुरटतं. शिवाय २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेट फवारण्याची मुभा फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरती, म्हणजे व्यावसायिक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरती ठेवली. दुकानदार देतो म्हणून आणू नका.

पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, झाडून बाग चकचकीत करणं. कोकोची फुलं खोडावर येतात आणि त्यांचं परागीकरण चिलटाएवढ्या बारीक माश्या करतात. त्या वाढतात कुजणाऱ्या पातेऱ्यात, केळीच्या कुजक्या खांबात. अंगणासारखी झाडलेली बाग फोटोत छान दिसते, फळं मात्र कमी धरते. पातेऱ्याचा जाड थर असला की तणही दबतं, मग तो उचलायचा कशाला?

कुदळीने तण खणू नका. कोकोची अन्न घेणारी मुळं अगदी वरच्या वीतभर मातीत असतात.

लव्हाळा वरून ओढला तर गाठी खालीच राहतात. त्याला सावलीच आवरते.

रानमोडी फुलायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास उपटा. बी वाऱ्यावर गेलं की शेजाऱ्याचीही बाग गेली.

तीन-चार वर्षांत फांद्या एकमेकींना भिडल्या की निम्मं तण आपोआप हटतं. पण मेलेल्या झाडाची जागा रिकामी सोडलीत तर त्याच उन्हाच्या तुकड्यात रानमोडी पुन्हा उभी राहते. मी तिथे त्याच पावसाळ्यात नवं रोप लावतो आणि सावलीला शेजारी केळ.